पलटण सुटते, दुखणे राहते

हिंगोली शहरात काही नावे सहज कानावर पडतात : पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. ही नावे उगीच पडलेली नाहीत. निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. खर्च निजामाचा, अंमल इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८५३ च्या तहाने याच फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि आपली हिंगोली येथे तिच्या छावण्या होत्या. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिळवली गेली. फौज गेली, नावे राहिली.

यांतले पेन्शनपुरा हे नाव विचार करण्यासारखे आहे. बाकीची नावे नोकरीतल्या शिपायाची. हे एकच नोकरी संपलेल्या शिपायाचे. लढाया आपण शाळेत शिकवतो, त्यांच्या सनावळ्या पाठ करून घेतो. पण लढाई संपल्यावर शिपायाच्या देहाचे पुढे काय होते, तोही इतिहासच नव्हे काय?

सरकारदरबारी जखमेचा हिशेब सोपा असे. हात गेला, पाय गेला, त्याचे अमुक पेन्शन. जखम भरली की कागद मिटला. दुखणे मात्र कागदाबरोबर मिटत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी जखमी शिपायांना तपासले. काहींच्या जखमा भरल्या होत्या, तरी हातात अशी आग होई की ते हात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवीत. काहींना तर कापून टाकलेल्या हाताच्या बोटांत कळ येई! तोवर अशा माणसाला लोक सहज ढोंगी म्हणत. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात काम करणाऱ्या जॉन बोनिका यांनी हा विचार पुढे नेला. हे गृहस्थ स्वतः कुस्तीगीर होते, आणि कुस्तीतली दुखणी त्यांना जन्मभर पुरली. जुनाट वेदना हाच एक आजार आहे, हे त्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथातून डॉक्टरांना पटवून दिले.

आता वजनाचे पाहू. पलटणीत पहाटे परेड, दिवसभर धावपळ, आणि त्या मानाने लंगरात भरपूर जेवण. पस्तिशी-चाळिशीत जवान घरी येतो. परेड सुटते, जेवण सुटत नाही. त्यात कंबर किंवा गुडघा धरलेला. दुखते म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून वजन जास्त, आणि वजन जास्त म्हणून पुन्हा दुखणे जास्त. असे हे रहाटगाडगे. वजनदार वृद्धांच्या गुडघ्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

हे रहाटगाडगे कसे थांबवावे, याचा धडा आपल्याच राज्यात आहे. १९४४ साली पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९७४ साली खडकीला पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र झाले. पेन्शनने पोट भरते. पण देह पुन्हा कामाला लावावा लागतो, हे या संस्थांनी ओळखले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांचेच उदाहरण घ्या. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचे अंग लुळे पडले. मूळचा मुष्टियोद्धा हा जवान पाण्यात उतरला, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. सर्वांना पदक मिळणार नाही. पण हालचाल सर्वांना साधेल.

आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आजही हिंगोलीत आहे, आणि निवृत्त जवान तर गावोगाव आहेत. गावात त्यांना मान असतो. “साहेब, तुम्ही बसा, पोरे करतील,” असे आपण म्हणतो. बोल मायेचे खरे, पण तेच त्यांना खाटेला खिळवतात. गुरुजन हो, झेंडावंदनाला त्यांना खुर्ची जरूर द्या. पण एरवी आठवड्यातून दोनदा मैदानावर बोलवा, मुलांना कवायत शिकवायला सांगा. मुले शिकतील, आणि शिकवणाऱ्याचे अंगही मोकळे होईल.

घरच्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दुखते म्हटले की त्याला ढोंग म्हणू नका. आणि पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे काही दिसले, तर लेप-मालिश करीत न बसता तडक डॉक्टर गाठा. पेन्शनर जवानांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे; तिचे कार्ड काढले नसेल तर काढून घ्या. ज्याने आपल्यासाठी अंग झिजवले, त्याचे उरलेले अंग चालते ठेवणे एवढे तरी आपण करू शकतो.