रविवारचा पास

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाच्या खिशात दोन गोष्टी हमखास सापडतात. एक घराची किल्ली आणि दुसरा लोकलचा पास. पूर्वी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात ओळखपत्राशेजारी असे, आता बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये असतो. हा पास आपण नोकरीसाठी काढतो. पण त्यावर रविवार वगळलेला नसतो. महिन्याचे चार-पाच रविवार त्याच पैशांत आपल्या हाती येतात आणि आपण ते बहुधा वाया घालवतो. या रविवारच्या पासाला एक इतिहास आहे. आज त्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

सुरुवात भांडुपपासून करू. मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाट रेल्वेने जोडावेत ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ मध्ये भांडुपच्या भेटीत सुचली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. त्यानंतर दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी. ठाण्यापर्यंतचं ३४ किलोमीटरचं अंतर तिने साधारण तासाभरात कापलं. ही हकिकत आपण शाळेपासून ऐकतो. त्यापुढची मात्र फारशी सांगितली जात नाही. दुसऱ्याच दिवशी सर जमशेदजी जीजीभाई यांनी अख्खी गाडी राखून ठेवली आणि कुटुंबीय व स्नेह्यांसह ते ठाण्याला जाऊन परत आले, अशी नोंद आहे. मला तर ही या मार्गावरची पहिली एक दिवसाची सहल वाटते. त्या वेळी अशा सहलीसाठी पूर्ण गाडी भाड्याने घेण्याची ऐपत लागत होती.

पश्चिमेकडे १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली गाडी सुरू झाली. दिवसातून जाणारी एक आणि येणारी एक. तेव्हाची बोरिवली किंवा अंधेरी म्हणजे भातखाचरं, बागा आणि मिठागरांच्या शेजारची गावं. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९२८ मध्ये वीज बोरिवलीपर्यंत पोचली. गाड्या वाढल्या, गावांची उपनगरं झाली आणि रोज सकाळी शहराकडे जाऊन संध्याकाळी परतणारा पासधारक नावाचा नवा माणूस तयार झाला.

पण पास असून भागत नाही, सुट्टीही लागते. आणि ती काही कुणी सहजासहजी दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबत होते. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. रविवार हा खंडोबाचा वार, हेही रविवार मागण्याचं एक कारण सांगितलं जातं. सहा वर्षं झगडून १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, तेव्हा त्या साडेपाच हजार सह्यांची आठवण ठेवायला हवी.

आता ही सुट्टी आणि हा पास एकत्र आणून पाहू. त्यातला हिशेब मजेदार आहे. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारणपणे पंधरा एकेरी तिकिटांइतकी असते. पंचवीस दिवस कामावर जाणारा माणूस त्यावर पन्नास फेऱ्या करतो. म्हणजे पासाचे पैसे पहिल्या आठ-नऊ दिवसांतच वसूल होतात. रविवारची फेरी अक्षरशः फुकट.

मात्र पास म्हटलं की त्याच्या दोन टोकांतच फिरायचं. अंधेरीच्या माणसाचा पास चर्चगेटकडे जातो, वसईकडे नाही. म्हणून पहिली सहल शहराकडची. ज्या स्थानकांवरून आपण सहा दिवस नुसते पुढे जातो, तिथे सातव्या दिवशी उतरायचं. मुलुंड-घाटकोपरकरांनी भायखळ्याला उतरावं. १८६२ पासूनची राणीची बाग तिथे आहे आणि तिच्या आवारात १८७२ साली लोकांना खुलं झालेलं संग्रहालय आहे. ज्यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव त्याला मिळायला १९७५ साल उजाडलं. पश्चिमेच्या पासधारकांनी चर्नी रोडला उतरून गिरगाव चौपाटी गाठावी, किंवा चर्चगेटहून चालत १९२२ मध्ये उघडलेलं मोठं संग्रहालय पाहावं.

दुसरी सहल उलट्या दिशेची. इथे पासाच्या शेवटच्या स्थानकापासून पुढचं तेवढं तिकीट काढावं लागतं. बोरिवलीकरांना तर तेही नको. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेणी त्यांच्या अंगणातच आहेत. पुढे नालासोपाऱ्याला बुरुड राजाचा कोट नावाची टेकडी आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. सम्राट अशोकाच्या लेखाचा तुकडाही याच गावात मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वी जिथे परदेशी गलबतं लागत, तिथे आज आपण दारात लटकत पोचतो! शेजारीच वसईचा किल्ला. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेला हा मुलूख चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकला. मध्य रेल्वेवर अंबरनाथ आहे. तिथल्या शिवमंदिरातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ आहे. त्याही पुढे जायचं तर कसारा, खोपोली आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते. २०२४ मध्ये उरणही जोडलं गेलं. शंभर किलोमीटरवरचा डोंगर आणि समुद्र लोकलच्या तिकिटात पाहता येतो.

पूर्व-पश्चिम प्रवासाची अडचण मात्र जुनी आहे. तुर्भे, कुर्ला, अंधेरी अशी एक आडवी रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली होती. ती १९३४ मध्ये बंद पडली. कलिन्याच्या सी.एस.टी. रोडच्या नावात ती आजही उरली आहे, कारण त्यातली अक्षरं ‘सेंट्रल साल्सेट ट्रामवे’ची आहेत. पुढे घाटकोपर-अंधेरी मेट्रो धावेपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, मुलुंडच्या माणसाला रुळांवरून अंधेरी गाठायची तर दादरचा वळसा चुकत नव्हता.

याच २०१४ च्या जून महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. मासिक पासाची किंमत पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर धरण्याचं रेल्वेने जाहीर केलं. म्हणजे पास जवळपास दुप्पट महागणार होता. मुंबईत ओरड झाली, लोकप्रतिनिधी दिल्लीला गेले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला. त्या चर्चेत रेल्वेचा तोटा आला, नोकरदाराचं अंदाजपत्रक आलं. रविवार मात्र कुणाच्या बोलण्यात फारसा आला नाही.

मला तो महत्त्वाचा वाटतो. दोन खोल्यांत चार-पाच माणसं राहतात, मुलांना खेळायला अंगण नाही, गाडी घेण्याची ऐपत नाही. अशा घराला कान्हेरी किंवा केळव्याचा किनारा दाखवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे स्वस्त लोकल. २०१७ च्या नाताळात बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल सुटली. ती सुखाची आहे, तिला विरोध करण्याचं कारण नाही. परंतु तिचं भाडं साध्या पासापेक्षा बरंच जास्त आहे. उद्या गाड्या बदलतील, दर ठरतील. तेव्हा कामावर नेणाऱ्या फेऱ्यांबरोबर या मोकळ्या फेऱ्याही मोजायला हव्यात. सुट्टी मिळाली, पण घराबाहेर पडणं परवडत नाही, अशी वेळ आली तर लोखंड्यांनी मिळवलेला रविवार अर्धाच उरेल.

जमशेदजींना ठाण्याला जाऊन यायला अख्खी गाडी घ्यावी लागली. आपल्याला तिच्यातली खिडकी मिळाली तरी पुष्कळ, आणि रविवारी सकाळी ती मिळण्याची शक्यता असते. डबा, पाण्याची बाटली, मुलांना टोप्या एवढं सामान पुरे. फक्त निघण्यापूर्वी एक करा. मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे, ते तेवढं पाहून घ्या!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)