चाकबदल (मोटारीचा) आणि टायर-घासणी

मोटारीबरोबर कारखान्यातून आलेली चाके उतरवून त्यांच्या जागी बाजारातली वेगळ्या मापाची किंवा घडणीची चाके बसवणे म्हणजे चाकबदल. गॅरेजच्या बोलीत पोलादी चाकाला ‘डिस्क’ म्हणतात, मिश्रधातूच्या चाकाला ‘अलॉय’ किंवा ‘मॅगव्हील’; पुढे दोन्हींना डिस्कच म्हटले आहे. बदल बहुधा दिसण्यासाठी होतो, कधी गाडी उंच व्हावी म्हणून होतो, आणि त्यानंतरची सर्वांत नेहमीची तक्रार एकच असते : टायर लागतो. वळताना, खड्ड्यात किंवा गाडी भरली की टायर मडगार्डला, मडगार्डच्या आतील प्लास्टिकच्या अस्तराला अथवा शॉकपला घासू लागतो. या तक्रारीचे खापर सरसकट ‘मोठ्या चाकांवर’ फोडले जाते. ते निदान अपुरे आहे. डिस्कचा इंच वाढूनही टायर घासत नाही अशी उदाहरणे रोज रस्त्यावर दिसतात, आणि इंच तोच ठेवूनही घासणी होते. खरा प्रश्न टायर गाडीखाली किती जागेत फिरतो याचा आहे, आणि ती जागा भरलेल्या, पूर्ण वळवलेल्या, चिखलात चाललेल्या गाडीची मोजावी लागते. दुकानासमोर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीचे माप येथे कामाचे नाही.

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे बालाघाटाच्या पठारावरील, मांजरसुंबा–पाटोदा मार्गावरचे गणेशस्थानाचे गाव. या परिसरातून या विषयाकडे पाहिले की वरील भेद चटकन कळतो. धुळे–सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ मांजरसुंब्यावरून जातो. त्यावर वेग आहे, बीडच्या बाजूला घाट आहे, गावांच्या तोंडाशी गतिरोधक आहेत आणि महामार्ग सोडून शेताकडे वळले की काळ्या मातीची पाणंद लागते. बीड जिल्ह्याची एम एच २३ पाटीची गाडी हे सगळे एकाच दिवसात तुडवते, आणि तेही सहसा माणसांनी भरून. पुण्यातल्या डांबरी रस्त्यावर दोन माणसांनिशी वर्षभर न घासलेला टायर येथे पहिल्याच फेरीत आवाज करू लागतो तो यामुळे.

जिल्ह्याला चाकबदल तसा नवा नाही. लाकडी आऱ्यांची आणि लोखंडी धावेची चाके जाऊन बैलगाडीला हवेचे टायर आले. बीडचे ऊसतोड कामगार दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांचा ऊस वाहतात तो अशा टायरगाड्यांतूनही. त्या बदलात घासणीचा प्रश्न कधी उभा राहिला नाही. बैलगाडीचे चाक साट्याच्या बाहेर, उघड्यावर फिरते. त्याला वर मडगार्ड नाही, ते वळताना आसाशी तिरपे होत नाही, आणि साटा स्प्रिंगवर वरखाली होत नाही. मोटारीत या तिन्ही गोष्टी आहेत. घासणी चाकाच्या मोठेपणातून उपजत असती तर ती सर्वांत आधी बैलगाडीवाल्याला भेटली असती.

जागेचा हिशेब टायरच्या बाहेरील व्यासापासून सुरू होतो. टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ असे कोरलेले असते. पैकी १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १५ हा डिस्कचा इंचांतील व्यास. मारुती स्विफ्टच्या प्राथमिक प्रकाराला १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ अशी मापे कंपनीनेच दिलेली आहेत. पहिल्याचा पूर्ण व्यास ६१९.६ मिमी येतो, दुसऱ्याचा ६२१.५. डिस्क एका इंचाने वाढली, टायर २० मिमीने रुंद झाला, तरी व्यासात दोन मिमीचाही फरक नाही, कारण भिंत तेवढी बुटकी केली आहे. आणखी एक इंच वाढवून १९५/५५ आर १६ घेतला तरी व्यास ६२०.९ मिमीच राहतो. उलट डिस्क १५ इंचीच ठेवून ‘जरा भरदार दिसेल’ म्हणून २०५/६५ आर १५ चढवला तर व्यास ६४७.५ मिमी होतो. म्हणजे २६ मिमीची, सुमारे ४.२ टक्क्यांची वाढ. इंच न वाढवणाऱ्याची गाडी घासते आणि इंच वाढवणाऱ्याची घासत नाही, हा उलटा वाटणारा अनुभव या बेरजेतून सरळ निघतो. व्यास वाढला की वेगदर्शकही फसतो : काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे धावत असते.

व्यास जुळला तरी काम अर्धेच झाले. उरलेला अर्धा भाग ऑफसेटचा, आणि दुकानात सर्वांत कमी विचारला जाणारा आकडा हाच. डिस्कच्या रुंदीची मध्यरेषा आणि ती हबला टेकते तो पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे ऑफसेट. डिस्कवर तो ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये लिहितात. आकडा मोठा तितके चाक आत शॉकपकडे सरकते. लहान तितके बाहेर मडगार्डच्या कडेकडे. समजा मूळ डिस्क साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ आहे, आणि आवडलेली डिस्क सात इंच रुंद, ईटी ३५ आहे. नव्या डिस्कची बाहेरील कड जुन्यापेक्षा २९ मिमी बाहेर येते आणि आतील कड ९ मिमी आत जाते. सात इंचीच पण ईटी ४५ ची डिस्क घेतली तर दोन्ही बाजूंना १९-१९ मिमी. पहिलीत मडगार्डची कड धोक्यात येते, दुसरीत शॉकपची बाजू. टायरचा व्यास दोन्हीत अगदी तोच असू शकतो, आणि म्हणून नुसता टायरचा आकडा पाहून दिलेला ‘बसेल हो’ हा निर्वाळा बिनबुडाचा असतो. पुढचे चाक वळते तेव्हा ते स्टीअरिंगच्या अक्षाभोवती फिरते. अक्षापासून जितके दूर तितका टायरच्या खांद्याचा घेर मोठा. चाक सरळ असताना बोटभर दिसणारी फट पूर्ण वळणावर बंपरच्या मागील कोपऱ्याशी संपून जाते.

बोल्टच्या वर्तुळाविषयी थोडक्यात. स्विफ्टचे चार बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर आहेत, फियाट पुंटोचे ९८ च्या, फोर्ड फिगोचे १०८ च्या. ९८ आणि १०० डोळ्यांना सारखेच भासतात. जोर लावून नट बसतोही, पण तिरका बसतो. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर मधली फट भरणारी कडी टाकावी, नाहीतर चाक थरथरते. थरथरणे आणि घासणे या वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची गल्लत करू नये.

आता आक्षेप. सर्वांत नेहमीचा असा की चाक बसवून गाडी फिरवून पाहिली, कुठेही घासले नाही. ही चाचणी मुळातच अपुरी आहे. त्या फेरीत एक चालक असतो, रस्ता कोरडा असतो आणि वेग बेताचा. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान आले की गाडीचा मागचा भाग खाली बसतो. त्यात गतिरोधक आला की स्प्रिंग आणखी दबते आणि टायर मडगार्डच्या पोटात शिरतो. घाटातील वळणावर बराच भार बाहेरच्या चाकांवर येतो. त्यात काळ्या मातीचा विचार बाहेरगावच्या दुकानदाराच्या डोक्यात येत नाही. पावसाळ्यात पाणंदीतून गेलेल्या गाडीच्या मडगार्डात आतून चिकट चिखलाचा थर बसतो आणि उन्हात वाळून विटेसारखा घट्ट होतो. कोरड्या दिवशी मोजलेली दहा-बारा मिमीची फट या थराने बुजते. टायर मग लोखंडाला लागत नाही, वाळलेल्या मातीला लागतो. पण माती खडे धरून असते आणि खडा रबर कापतो.

दुसरा आक्षेप कारागिरांचा : अस्तर थोडे कापले, मडगार्डची कड आत दुमडली, की काम झाले. येथे घासणी-घासणीत फरक करायला हवा. टायरचा माथा प्लास्टिकच्या अस्तराला क्वचित, हलका लागत असेल तर अस्तरावर काळा चकचकीत पट्टा उमटतो, आवाज येतो, पुढे अस्तर फाटते. ते त्रासदायक आहे, जीवघेणे नाही. टायरची भिंत मात्र मडगार्डच्या दुमडलेल्या पत्र्याला किंवा शॉकपवरील स्प्रिंगच्या वाटीला लागत असेल तर प्रकरण वेगळे. भिंतीचे रबर पातळ असते आणि त्याखाली लगेच धाग्यांचे थर असतात. भिंतीवरील उठावाची अक्षरे एका बाजूने झिजलेली, पुसट दिसली की समजावे, पुढची पायरी धागे उघडे पडण्याची आहे, आणि तिच्यापुढची भर वेगात टायर फुटण्याची. शिवाय अस्तर शोभेसाठी नसते. त्याच्या मागे तारा, हॉर्न, काच धुण्याच्या पाण्याची टाकी असे काही ना काही असते आणि खडा-चिखल ते थोपवते. कड दुमडताना रंग तडकतो आणि तेथे गंज धरतो. चुकीचे चाक बसावे म्हणून बरोबर गाडी कापायची, हा व्यवहार घाट्याचाच.

हब आणि डिस्क यांमध्ये टाकलेल्या चकतीने, म्हणजे स्पेसरने, शॉकपकडची घासणी जाते हे खरे, पण स्पेसर म्हणजे दुसऱ्या नावाने कमी केलेला ऑफसेट. जितके आतून सुटले तितके बाहेरून अडकते, आणि मूळ बोल्टवर नट पकडायला आटे कमी उरतात. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर बसवणारेही पुष्कळ आहेत. त्याने उभी गाडी वर दिसते, भरल्यावर मागून कमी बसते. मात्र स्प्रिंगची लवचीकता जाऊन धक्के शॉकपला आणि अंगाला बसतात, आणि वळणावर पुढचा टायर बंपरला लागतो त्यावर बफरचा काडीचा उपयोग नाही. खराब रस्त्यासाठी उंची हवी म्हणून मोठा टायर, या युक्तिवादात तथ्य आहे, पण किती ते मोजावे : वरील उदाहरणात व्यास २६ मिमी वाढला तरी गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १३ मिमी. तेवढ्यासाठी घासणी, चुकीचा वेग आणि जड स्टीअरिंग पत्करणे शहाणपणाचे नाही.

एक आक्षेप या नोंदीच्या भूमिकेवरही घेता येतो, आणि तो रास्त आहे : हिशेबात तंतोतंत बसणारा १९५/५५ आर १६ घासणार नाही, मग तो घ्यावा का? घासणार नाही, तरी या भागासाठी तो बरा नव्हे. त्याची भिंत १०७ मिमीची, १८५/६५ ची १२०. खड्ड्याचा मार झेलायला तेवढेच रबर कमी, आणि मिश्रधातूची डिस्क वाकण्या-तडकण्याची शक्यता तेवढी जास्त. भार-निर्देशांकही पाहावा : १८५/६५ चा ८८ म्हणजे टायरमागे ५६० किलो, १९५/५५ चा ८७ म्हणजे ५४५. फरक थोडा आहे, पण गाडी नेहमी भरून नेणाऱ्याने उणे बाजूला जाऊ नये.

यातून निघणारी मर्यादा सोपी आहे. त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेले डिस्क, ऑफसेट आणि टायर यांचे माप ही बदलाची सुरक्षित हद्द. तोच सांगाडा, तीच स्प्रिंग, तेच मडगार्ड धरून कंपनीने ती मापे पूर्ण भारानिशी तपासलेली असतात. कायद्याचा रोखही तिकडेच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ मापांशी विसंगत होईल असा फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

चाक घेण्यापूर्वीची तपासणी बीडला असो की छत्रपती संभाजीनगरला, सारखीच. पुढचे एक चाक बसवून गाडीत पाच माणसे बसवावीत, स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेऊन टॉर्चच्या उजेडात बंपरचा कोपरा, मडगार्डची कड आणि शॉकपची वाटी पाहावी. नंतर मागचे चाक बसवून डिकी भरून तेच करावे. टायरचे मूळ माप चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर छापलेले असते. ते उतरवून न्यावे, आणि नव्या डिस्कवरील ईटीचा आकडा पैसे मोजण्याआधी स्वतः वाचावा.