सातबाऱ्यावर शेळी नसते

मंडळी, गेल्या आठवड्यात उरण-पनवेलच्या नव्या शहराबद्दल लिहिलं, तेव्हा एकाने खाली विचारलं, "दादा, जमिनीचं ठीक आहे, पण ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचं काय झालं?" प्रश्न चांगला आहे. उत्तर जरा लांब आहे, कारण त्यासाठी शेळीपासून सुरुवात करावी लागते. वेळ काढून वाचा.

आज पाम बीच रोडवरून जाताना कोणाला पटणार नाही, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात एकेकाळी घरटी दोन-चार शेळ्या असायच्या. खाडीकडे मिठागरं आणि भातशेती, पारसिकच्या डोंगराकडे माळ. भात वर्षातून एकदाच. मासळी मिळाली तर मिळाली. अशा घरात नड भागवायची ती शेळीने. माझी आजी म्हणायची, शेळी म्हणजे दावणीला बांधलेली रोकड. पोराची फी, बाळंतपण, सावकाराचा हप्ता, काहीही असो, एक बोकड विकला की काम व्हायचं. हळदीचं मटण, गटारी, शिमगा, कार्ल्याच्या एकवीरा आईचा मान, सगळीकडे बोकड लागायचाच. त्यामुळे गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नसे.

हिशोबही सोपा. शेळी पाच महिन्यांत विते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात आणि बऱ्याचदा जुळी करडं. ज्याच्याकडे शेळी घ्यायलाही पैसे नसत, तो दुसऱ्याची अर्धेलीने सांभाळायचा. करडं झाली की निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. वाड्यांवरचे कातकरी-ठाकर आणि गावातल्या विधवा बाया यांना स्वतःचं जित्राब करायचा हाच एक रस्ता होता. एक गुंठा जमीन नसलेली बाई चार-पाच वर्षांत पाच-सहा शेळ्यांची मालकीण व्हायची.

पण या सगळ्याला एक अट होती. चरायला मोकळी जागा पाहिजे. शेळीला गवतापेक्षा पाला प्यारा. बोर, बाभूळ, करवंद, उंबर, झुडपांचे शेंडे. हे सगळं गुरचरणात, माळावर आणि डोंगराच्या उतारावर मिळायचं, फुकट.

या जागेवरचा घाला सिडकोच्या कितीतरी आधीचा आहे. १८७८ साली इंग्रजांनी जंगल कायदा केला. राखीव जंगलात चराई म्हणजे गुन्हा झाला. त्याआधी १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा होताच. जनावर पकडा, कोंडा, दंड घ्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आपल्याच भागात, राब तोडण्यावरून आणि चराईवरून लोक इतके चिडले की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच मांडलं आहे. डोंगर, पडीक रानं, गायरानं जंगलखात्याने गिळली आणि शेतकऱ्याच्या शेरडांना जागा उरली नाही, हा त्यांचा आरोप होता.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेळी कोवळं रोप ठेवत नाही, हे खरंच. मोकाट सोडली तर लावलेलं रान उभं राहत नाही. वनखात्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण चराई कुठे बंद आणि कुठे चालू, हे गावाबरोबर बसून ठरवता आलं असतं. तसं न करता शेळीवाल्याला चोर ठरवलं गेलं.

स्वातंत्र्य आलं. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि डोंगराच्या पायथ्याचा पट्टा कारखान्यांना गेला. मग १९७०. ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. सिडको आली. पुढचा इतिहास तुम्हाला पाठ आहे. दि. बा. पाटील साहेबांचा लढा, १६ आणि १७ जानेवारी १९८४ चा गोळीबार, पाच हुतात्मे, आणि त्यातून पदरात पडलेले साडेबारा टक्के. त्या लढ्यापुढे मी कायम मान झुकवतो. तो झाला नसता तर आपल्याला तेवढंही मिळालं नसतं.

पण मोबदला कोणाला? सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. साडेबारा टक्के कशाचे? संपादित झालेल्या खातेदाराच्या जमिनीचे. गुरचरण सरकारी, त्यावर कोणाचंच नाव नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शेळ्या चारणाऱ्या बाईचं तर नाहीच. शेत गेलं त्याला पैसे मिळाले, माळ गेला त्याची नोंदच झाली नाही. ज्यांचं सगळं पोट माळावर होतं, ते नुकसानीच्या यादीतच आले नाहीत. मग शेळ्या एकेक करून विकल्या गेल्या. उरल्या त्या रस्त्यावर आल्या, सोसायटीच्या बागेत शिरल्या, आणि पुन्हा कोंडवाडा!

आता कोणी म्हणेल, शहरात शेळ्या कशाला? नको ना, वाशीच्या सेक्टरमध्ये नकोतच. पण म्हणून शेळी मागासलेपणाची खूण होत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. आपल्याकडे उस्मानाबादी आहे, संगमनेरी आहे, आणि कोकणच्या दमट हवेत टिकणारी सिंधुदुर्गकडची कोकण कन्याळ आहे, तोंडावर दोन पांढरे पट्टे असलेली. फलटणच्या निंबकर संस्थेने १९९३ साली बोअर जातीचे गोठवलेले भ्रूण बाहेरून आणून काम सुरू केलं. आजची पोरं बंदिस्त शेळीपालन करतात. जमिनीपासून उंच फळ्यांचा माचा, म्हणजे पावसाळ्यात खूर सडत नाहीत. जन्मल्यावर तासाभरात करडाला चीक. पावसाआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस. सगळं शास्त्रशुद्ध.

फक्त बंदिस्तला चारा विकत घ्यावा लागतो, शेड बांधावी लागते, कर्ज लागतं. म्हणजे ज्याच्याकडे आधीच काहीतरी आहे त्याचा धंदा. बिनजमिनीच्या बाईची शेळी मोकळ्या माळावरच परवडते.

हे सगळं आज का लिहितोय? २०१३ पासून नैना आलं. २०२४ ला उरण, पनवेल, पेणमधली १२४ गावं एमएमआरडीएच्या नवनगरात गेली. म्हणजे तोच खेळ पुन्हा. बैठका होतायत, भावाची चर्चा होतेय, आणि पुन्हा सगळं खातेदारापुरतंच.

म्हणून माझं या १२४ गावांतल्या भावा-बहिणींना एवढंच सांगणं आहे. आपल्या गावचं गुरचरण किती, ते तलाठ्याकडून आत्ताच लिहून घ्या. जनावरं कोणाकडे किती, याची यादी ग्रामसभेत वाचा आणि ठरावात घाला. जंगलाला लागून वाड्या असतील तर २००६ चा वनहक्क कायदा चराईचा सामूहिक हक्क मान्य करतो, तो दावा टाका. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी वाचवायला सांगितलं आहे, ते हरकतीच्या अर्जात लिहा. आणि वाड्यावरच्या लोकांना बैठकीला बोलवा, नुसतं सह्यांपुरतं नको.

आमच्या वेळी हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, कारण शेत वाचवायचीच मारामार होती. तुमच्याकडे अजून वेळ आहे. ज्यांच्या गावात गुरचरण शिल्लक आहे त्यांनी खाली गावाचं नाव टाका, एकत्र यादी करू.