बाळ सांभाळायचा खर्च कोणाचा?

मासळीची पाटी घेऊन रेवसच्या धक्क्यावर येणाऱ्या बाईला आधी एक प्रश्न सोडवावा लागतो : बाळाला कोणाकडे ठेवू? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायकांपुढेही हाच प्रश्न होता. बाळानं निजून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची चाल तेव्हा होती. माया कमी नव्हती, बाळाजवळ बसायला माणूस नव्हतं.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतिणीला विश्रांती आणि त्या काळात पैसे देण्याचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनं उचलावा. बाईच्या कामातून मालकाला फायदा होतो, म्हणून त्यानंही वाटा द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये कायदा झाला, पण पैसे मालकानंच द्यायचे ठरले.

पुढे १९४८च्या कारखाना कायद्यानं ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ही अट ३० वर आली. पण मासळी विकणारीचा मालक कोण? लावणीला आज या घरी, उद्या त्या घरी जाणारीचा कोण? मालक नाही, म्हणून पाळणाघरही नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी आली. आहार, लसीकरण, बडबडगीतं, सगळं आलं. पण तीन वर्षांवरचं मूल तिथे काही तासच बसतं. त्याहून लहान बाळाचा आहार घरी येतो, सांभाळणारं कोणी येत नाही. मग थोरल्या मुलीची शाळा बुडते.

२०२२ मध्ये केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ योजना आली. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर. आई नोकरीला आहे की नाही, अशी अट त्यात नाही. म्हणजे ‘मालक कोण’ हा जुना अडसर इथे नाही.

तेव्हा बचतगटाच्या पुढच्या बैठकीत एक यादी करा. सहा वर्षांखालची मुलं किती, आई किती वाजता निघते, कधी परतते, बाळ कोण सांभाळतं, त्याचे किती पैसे जातात. ही यादी ग्रामसभेत वाचा, ठराव करून घ्या आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. हा खर्च आपण आजवर मुकाट्यानं सोसला, म्हणून तो कुठल्याच हिशेबात आला नाही.