कृतिवही (वाचन-लेखनाची)

पहिली-दुसरीतील मुलाने घड्या, कप्पे, चित्रे व शब्दपट्ट्या चिकटवून स्वतः घडवलेली भाषेची वही. पाठ्यपुस्तकालाच वहीची पाने जोडण्याचा जवळचा प्रयोग ‘बालभारती’ने (पहा : पाठ्यपुस्तक मंडळ) 2023-24 मध्ये केला; वहीची ही पाने राज्य शासनाने 2025-26 पासून बंद केली. कृतिवहीत अक्षरे बहुधा वर्णमालेच्या क्रमाऐवजी ‘ग म भ न’ अशा आकारसाम्याने येतात. पानावर ‘मळ’ लिहून कान्याची पट्टी सरकवली, की ‘माळ’ तयार होते. घडीखाली मूल स्वतःचा शब्द लिहिते. नुसत्या गिरवण्याने अक्षरे व खुणा जोडून शब्द घडवणे साधत नाही. सांगली जिल्ह्यातील जत या सीमावर्ती तालुक्यात मराठी व कन्नड माध्यमांच्या शाळा आहेत; घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना कृतिवहीत चित्रासमोर दोन्ही भाषांतील शब्द मांडता येणे तेथे विशेष मोलाचे ठरते (पहा : द्विभाषिक शिक्षण, निपुण भारत).