गिमवीच्या पाण्यांतील गोगलगाय

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं निराळा झाला. तत्पूर्वीं मालवण, वेंगुर्लें हीं गांवें रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत. त्याच जुन्या जिल्ह्याच्या उत्तरेस, गुहागर तालुक्यांत, गिमवी नांवाचें खेडें आहे. १९५२ सालीं ह्या खेड्याचें नांव वैद्यकाच्या ग्रंथांत गेलें.

लघवीस जळजळ झाली कीं उन्हाळी लागली म्हणावयाचें व धन्याजिऱ्याचें पाणी द्यावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु गिमवीच्या कांहीं लोकांच्या लघवींतून रक्त जात होतें. डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी केली, तों एका टोकास कांटा असलेलीं अंडीं दिसलीं! असलीं अंडीं ईजिप्तच्या शेतकऱ्यांच्या पांचवीला पुजलेलीं. तेथील हा कृमि बिल्हार्झ यानें कैरो शहरीं १८५१ सालीं शोधला. रफर यानें तर १९१० सालीं तीन हजार वर्षांपूर्वींच्या प्रेतांत तींच अंडीं दाखविलीं.

ह्या कृमीची चाल मोठी विलक्षण आहे. रोग्याच्या लघवीबरोबर अंडें गोड्या पाण्यांत पडतें, फुटतें, व त्यांतून निघालेला जीव माणसाकडे न जातां गोगलगाय शोधूं लागतो. ती एक दिवसाच्या आंत मिळाली नाहीं, तर तो मरतो. आणि गोगलगाय तरी कोणतीहि चालत नाहीं. योग्य ती मिळाली, कीं तिच्या शरीरांत एकाचे हजारों होतात. कांहीं आठवड्यांनीं दुभंगलेल्या शेपटीचे हे जीव पाण्यांत उतरतात आणि स्नानास किंवा धुण्यास आलेल्या माणसाच्या धड कातडींतून आंत शिरतात. पाणी प्यावें लागत नाहीं. पाण्यांत उभें राहणें पुरतें. गोगलगाईचा हा वांटा जपानांत मियाइरी व सुझुकी यांनीं १९१३ सालीं, आणि ईजिप्तांत लायपर यानें १९१५ सालीं सिद्ध केला.

येथेंच हिंदुस्थानची निश्चिंतता जन्मली. ईजिप्तांत हा कृमि वाहणारी बुलिनस जातीची गोगलगाय आपल्याकडे नाहीं. पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या शिपायांपासून रोग पसरेल काय, ह्याचा विचार केंप व ग्रेव्हली यांनीं १९१९ सालीं केला होता. मुंबईंत सोपारकर यांनीं १९२१ सालीं येथील गोगलगाईंत असला कृमि दाखविला, पण तो गुरांचा. वाहन नाहीं तर प्रवासी कोठून येणार, असा एकंदर समज होता. तर्क चुकीचा नव्हता. वाहनांची यादी अपुरी होती.

गाडगीळ व शहा यांचा संशय अखेर फेरिसिया टेन्युइस नामक एका क्षुद्र जीवावर गेला. तिचें कवच पीळदार शंखासारखें नसून उपड्या वाटीसारखें, आणि आकार अवघा कांहीं मिलिमीटर. दगडास किंवा पानास चिकटलेली ती दिसली, तरी तिला गोगलगाय कोण म्हणणार?

उपाय दोन बाजूंनीं होतो: रोग्यास औषध व पाण्यांत लघवी न करणें ही एक बाजू, गोगलगाय मारणें ही दुसरी. ईजिप्तांत त्यासाठीं मोरचूद वापरीत. कोंकणी बागाइतदारास तें नवें नाहीं. सुपारीच्या कोळेरोगावर तो मोरचूद व चुना फवारतोच. मात्र ओढ्यांत मोरचूद पडलें, तर मासेहि मरतात, आणि गरिबाच्या कालवणाचा तो मोठा आधार.

गिमवीचा कृमि आफ्रिकेतलाच, कीं येथलाच कोणी निराळा, ह्यावर पंडितांनीं पुढें पुष्कळ वाद घातला. कांहींनीं तर त्याला गांवाचेंच नांव देऊं केलें.