मिरची घरात आली, टोमॅटो दारात थांबला

डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत दोन कुंड्या शेजारी शेजारी आहेत. एकीत मिरची, दुसरीत टोमॅटो. दोघं वांग्याच्या कुळातले, एकमेकांचे भाऊबंद. दोघंही मूळचे अमेरिका खंडातले, समुद्र ओलांडून आलेले. आजी मात्र त्यांना कधी एका मापाने मोजायची नाही. मिरचीचं रोप तिच्या लेखी तुळशीच्या खालोखाल. टोमॅटो 'विलायती', म्हणून नैवेद्याच्या आणि श्राद्धाच्या स्वयंपाकात त्याला प्रवेश नाही.

शाळेत काहीतरी वाचून आल्यावर मी तिला म्हटलं, "आजी, मिरचीसुद्धा विलायतीच आहे."

"काहीतरीच! मग आधी लोक जेवत कसे होते?"

मिऱ्यांवर, हे खरं उत्तर. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं, आणि आजीने ते मानलंही नसतं. आता ती नाही, पण तिचा पंक्तिभेद माझ्या डोक्यातून जात नाही. दोन पाहुणे एकाच दिशेने आले. त्यातली एक सुनेसारखी घरची झाली, दुसरा तीनशे वर्षं दारात का उभा राहिला?

आधी आपल्याच गावापासून सुरुवात करते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि ठाणं, साष्टी हा सगळा पट्टा त्यांच्याकडे गेला. तो मराठ्यांनी परत घेतला १७३७ ते १७३९ मध्ये. म्हणजे आज आपण जिथून फास्ट लोकल पकडतो, तिथे दोनशे वर्षं पोर्तुगीज अंमल होता. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो त्यांनीच १७३० मध्ये बांधायला घेतला आणि सात वर्षांत गमावला. पाव आणि बटाटा हे शब्द त्यांचेच. मिरची आणली त्यांनीच, पण तिला त्यांचा शब्द चिकटला नाही.

ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. संस्कृतात मरीच म्हणजे मिरी, मिऱ्यावरून मिरची. कोकणीत मिरसांग, म्हणजे मिऱ्यासारखी शेंग. इंग्रजांच्या नोंदींत मुंबईकडे तिचं 'गोवई मिरची' असंही नाव सापडतं, म्हणजे गोव्याकडून आलेली हे कुणाच्या तरी लक्षात होतं. पुढे 'गोवई' गळून पडलं. गंमत म्हणजे कोलंबसनेही हेच केलं होतं. तो निघाला होता मिरी शोधायला, कॅरिबियन बेटांवर मिळाली मिरची, आणि त्याने तिला मिऱ्याचंच नाव दिलं. त्याची ती चूक होती. आपल्याकडच्या बायकांची चूक नव्हती. मिऱ्याचं काम करते, तर ती मिरचीच.

मिऱ्याचा वेल लावायचा तर झाड हवं, सावली हवी, दोन-तीन वर्षं थांबण्याची तयारी हवी. त्यातही तो मलबारच्या बाजूचा, व्यापाऱ्यांच्या हातातला माल. त्या व्यापारावर ताबा मिळवायलाच पोर्तुगीज इथवर आले होते. मिरचीचं बी मात्र मोरीच्या कडेला टाकलं तरी रुजतं आणि अडीच-तीन महिन्यांत फळ देतं. कुळाच्या परसातही तिखट आलं, तेही फुकट. मिऱ्यासाठी झालेल्या लढायांची पुस्तकं आहेत. परसातल्या या उलथापालथीला कुणी उलथापालथ म्हणतसुद्धा नाही, कारण ती बायकांच्या हातून झाली.

पण रुजणं पुरेसं नसतं. आपल्याकडे खरी परीक्षा जूनमध्ये होते. ठाण्यात पाऊस चार महिने कोसळतो, भिंतींना ओल येते, पूर्वी बाजारही तुटायचा. जे एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून आषाढ-श्रावणात खाता येईल, तेच घराच्या हिशेबात बसायचं. मिरची त्या परीक्षेला जन्मजात बसलेली. पातळ साल, आत पोकळी, देठासकट कडकडीत वाळते. आगरी-कोळी घरांत आजही मे महिन्यात मिरच्या गच्चीवर पसरतात, मग डंकावर कुटून वर्षाचा मसाला होतो. सांडग्या मिरच्यांत तर दोन युक्त्या एकत्र आहेत. चिरून मीठ-मसाला भरायचा, ताकात मुरवायच्या, मग वाळवायच्या. मीठ, ताकाचं आम्ल आणि ऊन, तिघांसमोर बुरशी टिकत नाही.

याचा सगळ्यात देखणा नमुना मला ठाणे-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत दिसला. हे लोक इथलेच, कोळी, कुणबी, भंडारी, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले, घरात मराठीची बोली बोलणारे. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं, नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे हे सांगायला. त्यांचा 'बॉटल मसाला' उन्हाळ्यात होतो. दोन-तीन जातींच्या मिरच्या वाळवायच्या, वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजायचे, लाकडी उखळात कुटायचे आणि बिअरच्या गडद तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. बाटली बिअरचीच का? मिरचीचा तांबडा रंग उजेडाने उडतो, गडद काच उजेड अडवते. आणि ठासून भरलं की हवा उरत नाही. प्रयोगशाळेत कुणी सांगायच्या आधी स्वयंपाकघराला हे कळलेलं होतं.

आता टोमॅटो. त्यात चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणी. उन्हात तो सुकतो, नाही असं नाही. दक्षिण इटलीत कोरड्या उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या सुकवतात. मीही मार्चमध्ये मीठ लावून फोडी सुकवल्या. पाच दिवसांत छान चामट झाल्या, मी फोटोसुद्धा टाकले. जुलैत बरणी उघडली तर आत पांढरी लव. दोष माझाही असेल, पण डोंबिवलीच्या दमट हवेचा वाटा मोठा.

शिवाय टोमॅटोला इथे जागाच रिकामी नव्हती. आंबटपणाचं खातं आमसूल, चिंच आणि कैरी यांनी कधीच वाटून घेतलेलं होतं, आणि तिन्ही वाळवून वर्षभर टिकतात. मिरची आली तेव्हा मिरी महाग होती. टोमॅटो आला तेव्हा चिंच अंगणात पडलेली होती.

नावांतही हे दिसतं. मिरचीला मिऱ्याचं नाव मिळालं. टोमॅटोला जुन्या मराठीत वेलवांगी म्हणत, काही भागांत भेदरं, आणि बंगालीत बिलाती बेगुन, म्हणजे चक्क विलायती वांगं. जॉर्ज वॅटने १८८९ ते १८९३ या काळात हिंदुस्थानातल्या उपयुक्त वनस्पतींचा मोठा कोश काढला. त्यातही टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी लावला जातो अशी नोंद आहे. बंगाली आणि ब्रह्मी लोक तो आंबट कालवणात घालतात, एवढाच अपवाद.

माझ्या तर्काचा उत्तम पुरावा एकादशीच्या ताटात आहे. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळं, हिरवी मिरची: पाचही मूळचे अमेरिकेचे, आणि पाचही उपासाला चालतात! म्हणजे परकेपणाची अडचण नव्हती. साबुदाणा-शेंगदाणा डब्यात राहतात, बटाटा-रताळं टोपलीत राहतात, मिरची झाडावर नाहीतर वाळवणात. नाशवंत टोमॅटो तेवढा बाहेर. (पुरीच्या जगन्नाथाकडे मिरचीलाही प्रवेश नाही, तिखटाला अजून मिरीच. तेव्हा हा नियम सगळीकडे लावायला जाऊ नये.)

टोमॅटो शेवटी आत आला तो वाळवणाला वळसा घालून. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांतून निघालेले ट्रक, फ्रिज, हॉटेलची लाल ग्रेव्ही, सॉसची बाटली. टिकवायचं काम घराकडून रस्त्यांकडे आणि कारखान्यांकडे गेलं. २०२३च्या जुलैत तो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा आईने न बोलता फडताळातून आमसुलाची बरणी खाली काढली. आमटीत फरक पडला. मला ती जास्त आवडली, पण तेव्हा बोलले नाही.

गॅलरीतल्या टोमॅटोची फुलं एप्रिलमध्ये गळतात. रात्रीही उकडतं, फळ धरत नाही. बी नोव्हेंबरात टाकलं तरच चार फळं मिळतात. मिरचीवर बोकड्या पडतो, पानं आकसतात, तरी ती काहीतरी देत राहते.

यंदा सोसायटीने गच्चीला कुलूप लावलंय. वाळवणं घालू नयेत, पत्रे आणि टाक्या खराब होतात, अशी सूचना लिफ्टशेजारी चिकटवली आहे. मी सेक्रेटरीकाकांकडे दोनदा जाऊन आले. आईने तोवर दीड किलो बेडगी गॅलरीत जुन्या साडीवर पसरली. ऊन तिथे सकाळी नऊ ते साडेअकरापर्यंतच येतं, म्हणून ती साडी दर तासाला थोडी थोडी ओढत नेते.